ससा 'गरीब' का वाटतो?

प्राणी हे एक प्रकारचं यंत्र आहे, असं देकार्त मानत असे. पुढे 1789 साली बेंथमने प्रश्नच बदलला. प्राण्याला बुद्धी आहे का, हे सोडा. त्याला त्रास होतो का, ते बघा. आज हा प्रश्न घेऊन आपण सशाच्या पिंजऱ्यापाशी जाऊ.

ससा गरीब, असं आपण सहज म्हणतो. ओरडत नाही, कोपऱ्यात बसून राहतो. पण ही शांतता म्हणजे समाधान का? ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखलंखुपलं तर ते लपवायचं, हीच त्याची जगण्याची रीत. म्हणजे आपण ज्याला गरीबपणा म्हणतो, ती कदाचित भीती असेल, कदाचित कंटाळा.

इथे एक घोटाळा दूर करू. आपल्या शिवारात दिसतो तो ससा वेगळा. तो बिळं खोदत नाही. घरात पाळतात तो मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. तो कळपानं बिळांत राहतो, पहाटे आणि संध्याकाळी चरायला बाहेर पडतो, चाहूल लागली की बिळात पळतो. लपणं, खोदणं, कुरतडणं, सोबत असणं, हे त्याचं जगणं आहे. पिंजऱ्यात अन्नपाणी मिळतं. हे सगळं मात्र जातं.

ते थोडंफार परत देणं, याला परिसर-समृद्धी म्हणतात. खर्च फार नाही. पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, पण त्याला दोन दारं हवीत. एकच दार असलं तर दुसऱ्या सशानं कोंडीत पकडायची भीती. घमेल्यात माती द्या, खोदू दे. वाळलेलं गवत कायम समोर हवं, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात आणि चघळूनच झिजतात. मागच्या पायांवर उभं राहता येईल, चार उड्या मारता येतील एवढी जागा हवी. खाली नुसती जाळी नको, तळव्यांना जखमा होतात. आणि शक्यतो जोडीदार हवा. नसबंदी करून, हळूहळू ओळख करून दिलेला.

आपल्याकडे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही, पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा आहे. पण कायदा किमान सांगतो. चांगलं काय, ते कोण सांगणार?

मेरियन डॉकिन्स या ब्रिटिश अभ्यासक बाईंनी ते कोंबड्यांनाच विचारलं! दोन प्रकारच्या जागा पुढ्यात ठेवल्या आणि त्या कुठे जातात ते पाहिलं. आपणही सशाला असं विचारू शकतो. रंगीत प्लास्टिकचं खेळणं आपल्याला आवडतं. तो त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसेल, तर ती सजावट झाली, समृद्धी नव्हे. उचलून घेण्याचंही तसंच. जमिनीवरून उचललं जाणं म्हणजे त्याच्या लेखी शत्रूनं धरणं. तुम्ही खाली बसा, त्याला येऊ दे. नाही आला, तर तेही उत्तरच आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनी आज संध्याकाळी दहा मिनिटं नुसतं बघावं. तो उड्या मारतो का, अंग सैल सोडून पसरतो का, की गज चावत बसतो? आणि एक लक्षात ठेवा: त्यानं खाणं थांबवलं, तर 'गप्प बसलाय' म्हणून उद्यावर ढकलू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या. सशाच्या बाबतीत एक दिवससुद्धा जिवावर बेतू शकतो.