गणित सोडण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की खारेपाटण, तळेरे, वैभववाडी या भागात कुणाच्याही पडवीत बसा, चहाबरोबर एक वाक्य ऐकायला मिळतेच : "झिलाक सायन्साक घातलंय." वाक्य तिथेच संपते. विषय कोणते घेतले, हे सांगणारा विरळाच. विचारलेच तर उत्तर येते, "कॉलेजात होते ते."

मंडळी, शाखा आणि विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीनंतर दार उघडते किंवा बंद होते ते विषयांमुळे. आणि हे विषय बारावीत गेल्यावर ठरत नाहीत, ते अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच ठरून जातात. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने निकालाच्या गडबडीत केलेली खूण पुढे दोन वर्षे, आणि कधीकधी जन्मभर, त्याच्या सोबतीला राहते.

आपल्याकडे पास होणे हा मुळी प्रश्न नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून कोकण विभागीय मंडळ झाले, त्याच्या परीक्षा 2012 पासून सुरू झाल्या. तेव्हापासून निकालात कोकण राज्यात पुढे आहे. 2025 मध्ये बारावीचा निकाल 96.74 टक्के लागला. प्रश्न आहे तो उत्तीर्ण झाल्यानंतरचा. गुणपत्रिका उत्तम, पण हव्या त्या अभ्यासक्रमाला लागणारा विषयच त्या कागदावर नाही, अशी स्थिती होऊ नये.

विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीचे. दुसरी एक भाषा घेतली की उरतात चार विषय. त्यांत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक सगळेच घेतात. खरी निवड उरलेल्या दोन जागांची असते : गणित, जीवशास्त्र, दोन्ही, की एकाच्या जागी भूगोल किंवा माहिती तंत्रज्ञान? काही महाविद्यालयांत द्विलक्ष्यी अभ्यासक्रम असतो. इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र किंवा पीकशास्त्र असा विषय 200 गुणांना असतो. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय गळतो. त्यात जीवशास्त्र गळले, तर डॉक्टरकीचा रस्ताही गळतो, हे पालकांच्या ध्यानात पुष्कळदा उशिरा येते.

जीवशास्त्राविना एमबीबीएस नाही, आयुर्वेद, होमिओपथी नाही, बी.एस्सी. नर्सिंगही नाही. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2021 पासून सुरू झाल्याने हे स्वप्न आता जिल्ह्यातच आले आहे, त्यामुळे जीवशास्त्राकडे ओढा वाढणे साहजिक आहे.

गणिताची यादी मात्र लोकांना वाटते त्याहून लांब आहे. अभियांत्रिकीच्या प्रमुख शाखा आणि वास्तुशास्त्र तर आहेच. कृषी अभियांत्रिकीला गणित लागते, पदवीला संख्याशास्त्र घ्यायचे तरी लागते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा मुलगा किंवा मुलगी चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र आणि गणित हवेच. तीच गोष्ट व्यापारी जहाजावरच्या अधिकाऱ्याची. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित या तिघांत सरासरी 60 टक्के आणि इंग्रजीत 50 टक्के, ही तिथली पहिली पायरी. ज्या खारेपाटणात एके काळी खाडीतून गलबते येत, जिथे शिलाहार रट्टराजाचा इ.स. 1008 चा ताम्रपट सापडला, त्या गावच्या मुलाला जहाजावर जाण्यासाठी गणित लागते हे कुणी वेळेवर सांगू नये, याला काय म्हणावे?

बी.फार्म. आणि कृषी पदवी यांना दोहोंपैकी कोणताही गट चालतो. त्यामुळे "शेतीकडे जायचे आहे म्हणून गणित सोडले" हे कारण तितकेसे खरे नाही. खरे कारण बहुधा भीती असते. ती सगळीच खोटी आहे असे मी म्हणत नाही, कारण बारावीचे गणित सोपे नाही. पण लेखी परीक्षा 80 गुणांची असते आणि 20 गुण प्रात्यक्षिकाचे, हे निदान माहीत असावे.

मग दोन्ही विषय घ्यावेत का? मुलाला दोन्ही झेपत असतील तर जरूर. पण केवळ विमा उतरवल्यासारखे घेऊ नयेत. चार जड विषय, त्यांची प्रात्यक्षिके, वर शिकवणी आणि एसटीचा रोजचा प्रवास, यात दोन्हीकडे अर्धवट राहण्याचा धोका असतो. एकच ठेवायचा आणि मुलाचा कल नक्की नसेल, तर माझे मत गणिताच्या बाजूने आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2023 मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही 'नीट'ची वाट मोकळी केली. जीवशास्त्र मागाहून वाचून काढता येते. गणिताचा धागा दोन वर्षे तुटला की जोडणे फार कठीण जाते.

वाणिज्य शाखेतही हीच गाठ आहे. चिटणिसाची कार्यपद्धती की गणित, असा पर्याय आला की मुले पहिल्याकडे वळतात. सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेत मात्र गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा 100 गुणांचा पेपर समोर उभा राहतो. कला शाखेविषयी एवढेच, की ती उरलेल्यांची शाखा नव्हे. अर्थशास्त्र, भूगोल मनापासून वाचणाऱ्याला स्पर्धा परीक्षांत त्याचा उपयोग होतो.

आता व्यवहाराचे बोलू. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आणि दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती देता येऊ लागली. पसंतीच्या यादीत महाविद्यालय आणि शाखा दिसते. तिथे गणिताला शिक्षक आहेत का, विषयांच्या कोणत्या जोड्या मिळतात, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे लागते. गावातच शिकायचे की कणकवलीला जायचे, हे अनेक घरांत गाडीच्या वेळेवर ठरते. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. तेव्हा हवा तो विषय शेजारच्या गावी मिळत असेल, तर निदान मुलीच्या बाबतीत भाड्याचे कारण पुढे करू नये.

अकरावी म्हणजे विसाव्याचे वर्ष, हा समजही सोडायला हवा. राज्याच्या सीईटीत साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो, आणि 'नीट'मध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो.

ज्यांनी गणित आधीच सोडले आहे, त्यांच्यासाठी एक वाट आहे. बारावी उत्तीर्ण झाल्यावर मंडळाच्या परीक्षेला एखादा विषय स्वतंत्रपणे देता येतो, त्याला 'आयसोलेटेड' म्हणतात. मात्र ज्या अभ्यासक्रमाला जायचे आहे तिथे असा निकाल ग्राह्य धरतात का, हे अर्ज भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे.