पिल्लू चपला का चावते?

कुत्र्याच्या पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. आपल्यासारखेच ते पडतात. साधारण चौथ्या महिन्यापासून नवे दात येतात, सातव्या महिन्यापर्यंत सगळे 42 होतात. तेव्हा हिरड्या शिवशिवतात. म्हणून पिल्लू चपला, दप्तर, दिसेल ते चावते. त्याला मारू नये. आपणपण पेन्सिल चावतोच की! चपला फळीवर ठेवाव्यात. विजेची वायर उंच बांधावी, नाहीतर शॉक लागून पिल्लू मरेल. जाड फडक्याला गाठ मारून, ओले करून चावायला द्यावे. फाटले की काढून घ्यावे. चप्पल धरली तर ओढाओढी करू नये, फडके पुढे करावे. ते धरले की शाबासकी द्यावी. शिजलेले हाड देऊ नये, तुकडा घशात टोचतो. रोज त्याच्याशी खेळावे. कंटाळले की पिल्लू चावतच बसते.