हत्यारांची निगा (लेखांक ९) : पटाशीसाठी यंत्र घेताना

मागच्या आठवड्यात निसण्यावर पटाशीला धार कशी लावायची ते पाहिलं. धार नुसती बोथट झाली असेल तर निसणा पुरतो. पण पटाशी लाकडातल्या खिळ्यावर आदळली आणि टोकाला दात पडले, की दगडावर मिलिमीटरभर पोलाद झिजवताना खांदे भरून येतात. यंत्र हवं ते या कामासाठी. दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती एचपीचं देऊ?’ तुम्ही मात्र आधी फेरे विचारा.

कारण सगळा खेळ उष्णतेचा आहे. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. म्हणून पटाशी पुन्हा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. ग्राइंडरवर धारेचं पातळ टोक याहून बरंच जास्त तापलं, की आधी पिवळसर, मग तपकिरी आणि ३०० अंशांच्या सुमारास निळं होतं. निळं झालं म्हणजे पाणी उतरलं. ती धार मऊ पडते, सागवानातही लगेच वळते. नंतर पाण्यात बुडवून काही परत येत नाही. निळा भाग घासून काढून टाकावा लागतो. माझ्या वडिलांची एक पटाशी मी अशीच बोटाच्या पेराएवढी आखूड केली आहे. ते दुःख अजून जात नाही.

आता आकडे पाहा. बाजारात सहज मिळणारा सहा इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेतो. म्हणजे मिनिटाला १३०० मीटरहून जास्त दगड पात्यावरून घासत जातो. त्याच आकाराचा १४२५ फेऱ्यांचा ग्राइंडर घेतला तर हे अंतर निम्मं होतं, आणि हात उचलायला, पातं पाण्यात बुडवायला सवड मिळते. पंख्याचा रेग्युलेटर जोडून वेगवान यंत्र मंद करायचा खटाटोप करू नका. त्यानं मोटरचा जोर जातो आणि तीच तापते.

पाण्यात फिरणारं यंत्र ही वेगळीच जात. स्वीडनच्या टॉर्मेकच्या मोठ्या यंत्राचं चाक २५० मिलिमीटर व्यासाचं आणि फेरे अवघे ९०. मिनिटाला सत्तर मीटर! दगड सतत ओला, त्यामुळे पाणी उतरायची भीतीच नाही. शिवाय पटाशी पकडायला साचा असतो, कोन हलत नाही. पण यंत्र महाग, काम सावकाश, आणि मोठा दात काढायचा तर धीर लागतो. रोज दहा-पंधरा हत्यारं हाताळणाऱ्या कारखान्यानं ते जरूर घ्यावं. घरच्या घरी काम करणाऱ्यानं त्यासाठी कर्ज काढू नये. आडव्या चकतीवर पॉलिश पेपर चिकटवून चालणारी यंत्रंही मिळतात. त्यांच्यावर उतार सपाट येतो, पण पेपरचा खर्च चालूच राहतो.

गोल चाकावर उताराला किंचित खोलगट आकार येतो, याची काहींना धास्ती वाटते. चार मिलिमीटर जाडीच्या पटाशीला २५ अंशांचा उतार दिला, तर सहा इंची चाकावर ही खोली मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढी भरते. तिचा उलट फायदाच आहे. नंतर निसण्यावर फक्त टाच आणि टोक टेकतं, धार चटकन लागते. शेवटची धार निसण्यावरच काढायची, यंत्र कोणतंही असो.

मोटरइतकंच लक्ष दगडाकडे द्या. ग्राइंडरसोबत येणारा करडा दगड बहुधा कडक असतो, त्याचं तोंड चकचकीत होतं आणि मग तो कापण्याऐवजी तापवतो. ६० किंवा ८० नंबरचा पांढरा दगड घ्या, सोबत तोंड साफ करायला हिऱ्याचा ड्रेसर. बसवण्याआधी दगड बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकेच ठोका. आवाज बद्द आला तर त्यात चीर असू शकते, तो बसवू नका. पत्र्याचा टेकू डुगडुगत असेल तर जाड पट्टीचा नवा करून घ्या. चष्म्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

माझा कौल १४२५ फेऱ्यांचा ग्राइंडर, पांढरा दगड आणि भक्कम टेकू यांना. खरेदीला जाताना एक दात पडलेली जुनी पटाशी सोबत न्या, यंत्राच्या पाटीवरचा फेऱ्यांचा आकडा स्वतः वाचा आणि चालवून पाहिल्यावरच पैसे द्या. पुढच्या आठवड्यात रंध्याचं पातं.