पिशवीच्या तोंडाला उजेडाचा उपचार

रिपोर्टवर 'सीआयएन' दिसलं की घरात रडारड सुरू होते आणि दोन दिवसांत कुणीतरी पिशवी काढायची तारीख ठरवून येतं. बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. कॅन्सरची भीती घातली की बाई सही करते.

मैत्रिणींनो, सीआयएन म्हणजे कॅन्सर नाही. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडायला लागल्यात, एवढंच. मागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो, की त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा हिशेब मांडू नये. सीआयएन 1 बहुधा आपोआप जातो, फक्त पुन्हा तपासावं लागतं. 3 ला उपचार लागतोच, 2 ला बहुतेक वेळा.

नेहमीचे उपचार चांगलेच आहेत. बिघडलेला भाग गोठवतात, उष्णतेने जाळतात, किंवा विजेच्या तारेच्या कडीने कापून काढतात, त्याला लीप म्हणतात. पिशवी तशीच राहते. मात्र जास्त भाग कापला गेला तर पुढच्या खेपेला दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचा धोका वाढतो. पंचविशीतल्या सुनेला हे सांगायलाच हवं, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

म्हणून न कापता होणाऱ्या उपचाराचा शोध चालू आहे. त्याचं नाव फोटोडायनॅमिक थेरपी. पिशवीच्या तोंडाला एक औषध लावतात. बिघडलेल्या पेशींत त्यापासून उजेड शोषणारं द्रव्य जास्त साठतं. काही तासांनी तिथे तांबडा उजेड सोडतात. एकटं औषध काही करत नाही, एकटा उजेडही नाही. दोन्ही जमले आणि जोडीला ऑक्सिजन असला की ती पेशी मरते, शेजारची धड पेशी बरीचशी वाचते. नंतर थोडं दुखतं, अंगावरून पांढरं जातं.

चीन आणि युरोपात झालेल्या एका मोठ्या चाचणीत सहा महिन्यांनी शंभरातल्या सुमारे 41 जणींना गुण आला. औषध नसलेलं मलम लावलेल्या गटात तो सुमारे 22 जणींना आला. म्हणजे फायदा आहे, पण सगळ्यांना नाही. झालेल्या कॅन्सरवर हा उपचार नव्हे. आपल्या सरकारी दवाखान्यांतला हा नेहमीचा उपचारही नव्हे. कुणी 'लाइटने बरं करतो' म्हणत पैसे मागितले, तर आधी विचारा: तुकडा तपासला का? कॅन्सर नाही हे नक्की झालं का? पुन्हा तपासणी कधी?

बिघाड सापडला तरच उपचाराचा प्रश्न येतो. टाटा हॉस्पिटलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांकडून व्हिनेगर लावून तपासणी केली. तपासलेल्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का पाहायचं. 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. पाळी चालू नसेल त्या दिवशी आशाताईंना सोबत घेऊन जा, आणि रिपोर्टचा कागद घरी जपून ठेवा.