वीज गेल्यावर उजेड : हौशी बिनतारी चालकांची पद्धत

शेतमालाच्या घाऊक बाजारामुळे शेतकऱ्यांना परिचित असलेले वाशी हे नवी मुंबईतील एक नगर होय. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजवहनात बिघाड होऊन मुंबई, ठाणे व नवी मुंबई या भागांतील वीज एकाएकी गेली व उपनगरी रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या. त्याच वर्षी ३ जून रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा खांब व तारा कोसळून कित्येक गावांना अनेक रात्री अंधारात काढाव्या लागल्या. शहरात जो प्रश्न काही तासांचा, तोच खेड्यात पुष्कळ दिवसांचा होतो.

अशा प्रसंगी हौशी बिनतारी चालकांची पूर्वतयारी अनुकरणीय ठरते. यांनाच ‘हॅम’ असेही म्हणतात. केंद्र सरकारचा परवाना घेऊन ते छंद म्हणून दूरदूरच्या लोकांशी बिनतारी यंत्रावर संभाषण करतात. २००१ च्या भुज भूकंपात दूरध्वनी बंद पडले असता अशा चालकांनी निरोप पोचविले. वीज नसतानाही यंत्र व दिवा चालावा म्हणून ते बॅटरीचा हिशेब आधीच करून ठेवतात.

हिशेब कसा करावा

बॅटरीवर व्होल्ट व अँपिअर-तास हे आकडे लिहिलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास शक्ती साठते. परंतु शिसे-आम्ल बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केल्यास लवकर निकामी होते. म्हणून निम्मी, म्हणजे ४२ वॅट-तासच वापरावी. त्यावर ५ वॅटचा १२ व्होल्टी एलईडी दिवा सुमारे ८ तास जळतो. रात्रभराच्या उजेडास एवढे पुरेसे आहे. दिवा थेट १२ व्होल्टवर चालणारा घेतल्यास इन्व्हर्टरमध्ये होणारा शक्तीचा अपव्यय टळतो.

दिव्याची बॅटरी दिव्यासाठीच

शंभर वॅटचे बिनतारी यंत्र संदेश पाठविताना सुमारे २० अँपिअर प्रवाह घेते. एवढी ओढ लहान बॅटरीला झेपत नाही. म्हणून जाणता चालक दिव्याची बॅटरी निराळी ठेवतो. शेतकऱ्यांनीही ट्रॅक्टरची बॅटरी रात्री दिव्यास जोडू नये. ती यंत्र सुरू करण्यासाठी बनविलेली असते. रात्री उतरली तर पहाटे ट्रॅक्टर सुरू होणार नाही आणि ऐन पेरणीत खोळंबा होईल.

घ्यावयाची काळजी

१. बॅटरीच्या धन टोकाजवळच दोन अँपिअरचा फ्यूज बसवावा. तारा एकमेकींस टेकल्यास आग लागण्याचा धोका त्याने टळतो.

२. बॅटरी हवेशीर जागी ठेवावी. भारित होताना ज्वालाग्राही वायू निघू शकतो. जवळ विडी, चूल अथवा कंदील नसावा.

३. उघड्या झाकणांच्या बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे.

४. महिन्यातून एकदा बॅटरी भारित करावी. काही तास न वापरता ठेवून मोजल्यास भरलेली बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते, १२.२ आढळल्यास ती निम्मी उतरली असे समजावे.

५. २० वॅटचे सौर पटल व भार-नियंत्रक जोडल्यास स्वच्छ उन्हात रात्रीचा खर्च दिवसा भरून निघतो. पावसाळी आभाळात मात्र तेवढी आवक गृहीत धरू नये.

रात्री गाय विण्यास आली, घरात साप निघाला अथवा आजाऱ्यास हलवावे लागले, तर दिवा त्याच क्षणी लागला पाहिजे. म्हणून ग्रामसेवकांनी मृगापूर्वी गावात एक प्रात्यक्षिक करावे. घरातील मुख्य कळ बंद करून, बॅटरीवरील दिवा किती तास टिकतो ते घड्याळ लावून दाखवावे. जी बॅटरी या परीक्षेत उतरेल तिच्यावरच वादळाच्या रात्री विसंबावे.