दुपारचं ऊन, रात्रीचं चार्जिंग
तीन किलोवॅटचं सौर छत आपल्याकडे स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण 12 युनिट वीज देतं. छोटी इलेक्ट्रिक कार एका युनिटवर सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे रोजच्या 40 किलोमीटरला सहा-सात युनिट पुरे. अडचण आहे ती वेळेची. ऊन असतं तेव्हा गाडी ऑफिसात! म्हणून नेट मीटर हवा: दुपारची जास्तीची वीज महावितरणकडे जमा, रात्रीच्या वापरातून वजा. मात्र बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की भर दुपारीही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून. विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो. पावसाळ्यात उत्पादन बरंच घटतं. आणि 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी लावण्याआधी अर्थिंग तपासून घ्या.