पानांवरचं पांढरं: रोग की पाण्यातला क्षार?

रोपवाटिका चालवणाऱ्या एका गटातल्या ताईंनी विचारलंय, की आम्ही वडाचं, उंबराचं बोन्साय तयार करून तालुक्याच्या गावी विकतो. घरात ठेवलेल्या झाडाच्या पानांवर दोन-तीन महिन्यांत पांढरे डाग पडतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही रोगट झाड दिलंत. त्यावर औषध कोणतं मारायचं?

ताई, औषधाची बाटली आधी बाजूला ठेवा. पांढरं दिसलं की भुरीच, असं आपल्या मनात बसलेलं असतं, कारण द्राक्षावर, वाटाण्यावर, भोपळ्याच्या वेलावर आपण तीच बघतो. घरातल्या झाडावर मात्र पुष्कळदा ते बोअरच्या पाण्याचं काम असतं. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं, तेच जड पाणी आपण पंपानं पानांवर फवारतो. पाणी उडून जातं, त्यातला चुना पानावर राहतो. अंगणातल्या झाडाची पानं पाऊस धुऊन काढतो. घरातल्या झाडाला पाऊस कुठला?

ओळखायचं कसं? बोट ओलं करून पानावर फिरवा. भुरी पिठासारखी बोटाला लागते, पण थोड्या दिवसांत पुन्हा येते आणि गोल गोल पसरते. क्षाराचा डाग नुसत्या बोटानं हलत नाही. त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका, दोन-तीन मिनिटं थांबा आणि पुसा. डाग विरघळला तर तो चुना. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील, पान चिकट लागत असेल आणि मुंग्यांची ये-जा असेल, तर तो पिठ्या ढेकूण. वड, पिंपळ, उंबर यांची छाटणी केल्यावर चीक गळतो, तोही पानावर वाळून पांढरा दिसतो. तो नखानं सोलून निघतो. जेडच्या पानांवरचे बारीक पांढरे ठिपके तर झाड स्वतःच काढतं. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून जादा पाणी बाहेर येतं आणि त्यातला क्षार तिथंच वाळतो.

चुना निघाला, तर ग्लासभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घाला. मऊ सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा. पानाखाली तळहात धरून हलक्या हातानं पुसा, मग साध्या स्वच्छ पाण्याच्या फडक्यानं पुन्हा पुसा. हे पाणी कुंडीत ओतू नका. पानं चमकावी म्हणून काही जणी खोबरेल तेल लावतात, तेही नको. त्यावर धूळ बसते आणि पानाची छिद्रं बुजतात.

पण पान पुसून काम संपत नाही. पानावर जे दिसतं तेच मातीतही साठत असतं, आणि खरं नुकसान तिथं होतं. शेतातल्या वडाची मुळं लांबवर जातात. बोन्सायच्या ताटलीत माती किती? चार बोटं. रोजच्या पाण्यातला आणि खतातला क्षार त्या चार बोटांतच अडकतो. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसते, पानांच्या कडा करपतात. चुन्यामुळं मुळांना लोह घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. इथं आणखी खत घातलं तर झाड जास्तच खचतं.

म्हणून वरची खपली काढून टाका. झाड मोरीत न्या आणि पावसाचं साठवलेलं पाणी खालच्या भोकांतून वाहून जाईपर्यंत ओता. दहा मिनिटं थांबून पुन्हा ओता, असं दोन-तीनदा करा. खालच्या बशीत साचलेलं पाणी फेकून द्या, नाहीतर क्षार परत वर चढतो.

बोन्सायला पाणी थोडंच लागतं, त्यामुळं पावसाळ्यात भरलेलं एक पिंप बरेच दिवस पुरतं. तोंडाला फडकं घट्ट बांधा, डास होतात. पिंप नसेल तर पाणी उकळा, थंड होऊ द्या आणि तळाचा गाळ न ढवळता वरचं वापरा. बराचसा चुना खाली बसतो. एसीतून टपकणारं पाणीही चालतं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र नको. कितीतरी घरी काटकसर म्हणून तेच झाडांना घालतात, आणि क्षार नेमका त्यातच जास्त असतो.

भुरी असेल तर लागलेली पानं काढा आणि झाड उजेडात, हवेशीर जागी ठेवा. एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं उन्हात फवारलं तर सुरुवातीची भुरी आटोक्यात येते. गंधक घरात मारू नका. पिठ्या ढेकूण असेल तर झाड इतरांपासून वेगळं करा, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुंजके टिपा आणि दर आठवड्याला पुन्हा तपासा.

गिऱ्हाइकाला झाड देताना एवढं सांगा: पाणी मातीत घाला, पानांवर नाही, आणि वड-उंबराला खिडकीचा उजेड हवा, टीव्हीजवळचा कोपरा नको.